बेंझिन कुठलं आणि त्याची भावंडं कुठली: लेबल गळून पडलं तर ओळखायचं कसं

मालवणच्या हवेत दोन गोष्टी टिकत नाहीत, लोखंडी खिळे आणि बाटल्यांवरची लेबलं. जुलै महिन्यात लॅबचं कपाट उघडलं की खालच्या फळीवर लेबलांचे बुरशी आलेले कागद पडलेले असतात आणि वर रांगेत पाच-सहा बाटल्या, सगळ्यात पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी, आणि सगळ्यांना तो पेट्रोलपंपावरचा गोडसर वास. आता यातलं बेंझिन कुठलं, टोल्युइन कुठलं, झायलीन कुठलं? अकरावी-बारावीच्या पोरांना हाच प्रश्न पेपरात येतो, फक्त तिथे बाटली नसते, "रासायनिक चाचणीने फरक ओळखा, २ गुण" एवढंच असतं, आणि निम्मी पोरं डोळे मिटून "ब्रोमीन वॉटर" लिहून मोकळी होतात. तिथेच गुण जातात, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून टाकावं.

आधी कागदावरचं बघू, कारण होमोलॉग, म्हणजे बेंझिनची ही भावंडं, यात कोण येतं हेच बऱ्याच जणांचं पक्कं नसतं. एकच बेंझिनची रिंग पाहिजे, एकच, आणि तिला चिकटलेली शेपूट (म्हणजे साइड चेन) साध्या अल्किल ग्रुपची (नुसत्या कार्बन-हायड्रोजनची, एका कार्बनची मेथिल, दोनाची एथिल, अशी) पाहिजे, तिच्यात डबल बाँड नको, ऑक्सिजन नको, क्लोरीन नको. मग हायड्रोजनचा हिशेब आपोआप बसतो, कार्बन जितके त्याची दुप्पट करा आणि ६ वजा करा. बेंझिन सी६एच६, टोल्युइन सी७एच८, एथिलबेंझिन आणि तिन्ही झायलीन सी८एच१० (झायलीन म्हणजे रिंगवर दोन मेथिल, शेजारी असले तर ऑर्थो, मध्ये एक जागा सोडून असले तर मेटा, समोरासमोर असले तर पॅरा). स्टायरीन सी८एच८ आहे, शेपटीत डबल बाँड, बाद. नॅफ्थलीन म्हणजे कपाटातल्या डांबरगोळ्या, दोन रिंगा, बाद. फिनॉल, क्लोरोबेंझिन तर लांबचे पाहुणेसुद्धा नाहीत. उलट तुमच्या स्वयंपाकघरात एक होमोलॉग रोज फोडणीला येतो हे कोणाला माहीत नसतं, ओव्याच्या आणि जिऱ्याच्या तेलात पॅरा-सायमीन असतं, एका टोकाला मेथिल आणि समोरच्या टोकाला आयसोप्रोपिल, सी१०एच१४. हिशेब करून बघा, १० ची दुप्पट २०, वजा ६, बरोब्बर १४. फक्त उलटं करू नका, फॉर्म्युला बसला म्हणजे होमोलॉग झालाच असं नाही, त्याच फॉर्म्युल्याची रिंग नसलेली कंपाउंडं पण असतात, आधी रिंग बघायची मग हिशेब.

आता मुद्द्याची गोष्ट. ही सगळी भावंडं ओळखताना रिंगला काही विचारत बसू नका, रिंग काही बोलत नाही, ती सगळ्यांची सारखीच असते. बोलते ती शेपूट. बेंझिनला शेपूट नाही म्हणून बेंझिन गप्प, एवढाच सगळा फरक. आणि शेपटीतही अख्खी शेपूट नाही, रिंगला लागून जो पहिला कार्बन आहे तो, आणि त्याच्यावर निदान एक तरी हायड्रोजन आहे का, हे विचारायचं. त्या हायड्रोजनला बेंझिलिक हायड्रोजन म्हणतात. तो तोडायला साधारण ३७५ किलोज्यूल प्रति मोल लागतात, रिंगवरचा हायड्रोजन तोडायला ४७० च्या आसपास, म्हणजे कमजोर कडी कुठली ते दिसतंच.

ही कडी शोधणारं औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. तुमच्या आजीला विचारा, पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर विहिरीत जांभळं औषध टाकायचे ना, तेच. टेस्ट करायची ती अशी: टेस्ट ट्यूबमध्ये १ मिली द्रव, त्यात तेवढंच डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड, आणि परमँगनेटचं अगदी फिकं द्रावण दोन-तीन थेंब. फिकं म्हणजे फिकं, जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखा गडद रंग करून ठेवला तर तो दिवसभर जाणार नाही आणि तुम्ही म्हणाल टेस्ट आली नाही. मग बूच लावून चांगलं हलवायचं, कारण हे दोन थर आहेत, वर तेलकट आणि खाली पाणी, आणि परमँगनेट पाण्यात बसलेलं, दोघांची गाठच पडली नाही तर होणार काय. बूच काढून गरम पाण्यात ६० अंशांपर्यंत ठेवायचं, अधूनमधून परत हलवायचं, घाई करायची नाही. टोल्युइन, एथिलबेंझिन, झायलीन, क्युमीन (आयसोप्रोपिल शेपटीचं) असेल तर जांभळा रंग फिका पडत पडत जातो. बेंझिन असेल तर तसाच राहतो.

झालं काय? शेपटीच्या पहिल्या कार्बनचं ऑक्सिडेशन होऊन तिथे कार्बोक्सिलिक ॲसिड तयार झालं, टोल्युइनचं बेंझोइक ॲसिड झालं. आणि शेपूट कितीही लांब असली, एथिल असो नाहीतर प्रोपिल, ती पहिल्या कार्बनपाशीच तुटते आणि हातात बेंझोइक ॲसिडच येतं. समीकरण पेपरात मागतात म्हणून पाठ करून ठेवा, टोल्युइन ५, परमँगनेट ६, सल्फ्युरिक ॲसिड ९, आणि पलीकडे बेंझोइक ॲसिड ५, पोटॅशियम सल्फेट ३, मँगनीज सल्फेट ६ आणि पाणी १४. ऑक्सिजन मोजून बघा, दोन्हीकडे ६० येतात.

इथे तीन ठिकाणी लोक आपटतात. एक, ॲसिड म्हणून हायड्रोक्लोरिक घेतात, मग परमँगनेट त्याच्याशीच भांडतं, क्लोरीन निघतो आणि रंग त्यानेच जातो, बेंझिन बिचारं न केलेल्या गुन्ह्यात अडकतं. दोन, ॲसिड टाकायलाच विसरतात, मग रंग जाण्याऐवजी तळाला चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ बसतो, तो मँगनीज डायऑक्साइड, तेही ऑक्सिडेशनच आहे पण बघायला घाण आणि ठरवायला कठीण. आणि तीन, हे माझं स्वतःचं. बीएस्सीला असताना मी चार ट्यूब घाईघाईत स्पिरिटने विसळल्या, नीट वाळवल्या नाहीत, आणि माझ्या ट्यूबमध्ये बेंझिनने परमँगनेटचा रंग घालवला! मी तर नवीन शोध लागल्याच्या थाटात सरांना बोलवायला गेलो. सरांनी ट्यूबच्या तोंडाशी नाक न नेता नुसता हाताने वारा घेतला आणि म्हणाले, "अरे, अल्कोहोल आहे यात, तू ट्यूबची टेस्ट केलीस, बेंझिनची नाही." तेव्हापासून मी एक रिकामी ट्यूब बरोबर ठेवतो, तिच्यात नुसतं पाणी, ॲसिड आणि परमँगनेट, तिचा रंग गेला तर बाकीच्या ट्यूबांकडे बघायचंच नाही, सगळं धुवायला टाकायचं.

आता अपवाद, आणि परीक्षकांचा हा फार लाडका आहे. टर्ट-ब्युटिल बेंझिन. हा होमोलॉग आहे, फॉर्म्युला पण बसतो, पण शेपटीच्या पहिल्या कार्बनला तीन मेथिल आणि एक रिंग, हायड्रोजनला जागाच नाही. परमँगनेट येऊन दार वाजवतं पण उघडायला कोणी नाही. म्हणून "रंग गेला नाही म्हणजे बेंझिनच" असं लिहू नका, "रंग गेला म्हणजे बेंझिन नाही" हे जास्त खरं आहे, आणि तेही तो द्रव याच घराण्यातला आहे हे आधी ठरलेलं असेल तर. रिंगवर एकच ब्युटिल असलेले चार आयसोमर (फॉर्म्युला एकच, रचना वेगळी) लिहायला सांगतात आणि विचारतात ऑक्सिडेशन किती देतात, उत्तर तीन.

ब्रोमीन वॉटरचं, म्हणजे ब्रोमीनच्या केशरी पाण्याचं, काय मग? ते इथे फरक दाखवतच नाही. बेंझिन आणि टोल्युइन दोघंही ब्रोमीन वॉटरशी साध्या परिस्थितीत काही करत नाहीत. पण ट्यूबमध्ये दिसतं असं की खालचं पाणी एकदम पांढरं स्वच्छ, आणि पोरं ओरडतात रंग गेला रंग गेला. अहो गेला नाही, वर चढलाय! ब्रोमीनला पाण्यापेक्षा बेंझिन जास्त आवडतं, तो उचलून वरच्या थरात जाऊन बसतो, वरचा थर बघा, केशरी झालेला असतो. बांगड्याच्या कढीवर तेलाचा लाल तवंग येतो की नाही, तसंच, मसाल्याचा रंग गेला नाही, तेलात गेला. आणि हो, टोल्युइनची ही ट्यूब खिडकीत उन्हात ठेवून जेवायला जाऊ नका, उजेडात ब्रोमीन शेपटीवर हल्ला करतो आणि बेंझिल ब्रोमाइड तयार होतं, डोळ्यांतून कांदा कापल्यासारखं पाणी काढतं ते, थोडंसंसुद्धा.

मग ब्रोमीन वॉटर कशाला ठेवायचं? अल्कीन, म्हणजे डबल बाँडवाले, हाकलायला. समजा बाटल्यांत हेक्झीन किंवा स्टायरीन पण आहे, तर परमँगनेट त्याचा पण रंग घालवणार आणि टोल्युइनचा पण, दोघं सारखेच दिसणार. म्हणून क्रम महत्त्वाचा, आधी ब्रोमीन वॉटर, ज्याने रंग खरोखर संपवला, दोन्ही थरांतून, तो डबल बाँडवाला, त्याला बाजूला काढा, मग उरलेल्यांना परमँगनेट. हेक्झीनमध्ये टोल्युइन मिसळलंय का असं विचारलं तरी हेच, आधी ब्रोमीन वॉटर भरपूर टाकून हेक्झीनची तोंडं बंद करा, मग परमँगनेट.

जाळून बघू का, असं पण कोणीतरी दरवर्षी विचारतं. नको. बेंझिनमध्ये वजनाने ९२.३ टक्के कार्बन, टोल्युइनमध्ये ९१.३, दोन्हींची काजळी सारखीच काळी, दिव्याची काच कोणी काळी केली ते कळणार नाही. शिवाय बेंझिनचा फ्लॅश पॉइंट उणे ११ अंश आणि टोल्युइनचा ४, म्हणजे आपल्याकडे थंडीतसुद्धा याची वाफ ठिणगीची वाट बघत असते. बर्नर बंद, गरम करायचं ते पाण्यातच.

आता माझी आवडती टेस्ट, आणि ही कोकणातच नीट जमते असं माझं मत आहे, कारण आपल्याकडे बर्फाला तोटा नाही. बेंझिन ५.५ अंशांना गोठतं. टोल्युइन आणि एथिलबेंझिन दोन्ही उणे ९५ च्या आसपास. म्हणजे बर्फात ठेवलं की बेंझिनचा दगड होतो आणि ही दोघं पाण्यासारखी हलत राहतात. आमच्या कॉलेजला प्रॅक्टिकलच्या दिवशी नेमकी लाइट गेलेली, फ्रिज बंद, सरांनी मला सायकलवर बंदरावर पिटाळलं. तिथे लिलाव संपत आलेला, एक काका सुरमईच्या खोक्यावर बर्फ फोडत होते, मी डबा पुढे केला तर म्हणाले, "बर्फ कित्याक व्हयो? मासो खंय आसा?" मी म्हटलं मासा नाही, बेंझिन आहे. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि दोन ओंजळी जास्त घातल्या, पैसे काही घेतले नाहीत. त्या बर्फाला बांगड्याचा वास होता, पण टेस्ट अशी सुंदर आली म्हणून सांगू, एका ट्यूबमध्ये काचेच्या कडेने पांढरे सुईसारखे स्फटिक सरसरत गेले आणि शेजारची ट्यूब जशीच्या तशी. कधीकधी बेंझिन हट्ट करतं, ५ च्या खाली जाऊनही पातळच राहतं, तेव्हा काचेच्या कांडीने आतून जरा घासायचं, लगेच गोठतं.

पण दोन सापळे आहेत. पहिला, पॅरा-झायलीन १३ अंशांना गोठतं, म्हणजे बर्फात तेही दगड होणार. ऑर्थो उणे २५ ला आणि मेटा उणे ४८ ला, म्हणून ते गोठणार नाहीत, पण पॅराने दगा दिलाच. म्हणून गोठलेल्या ट्यूबला मागाहून परमँगनेट दाखवायचं, रंग गेला तर पॅरा-झायलीन, नाही गेला तर बेंझिन. दुसरा सापळा, बेंझिनमध्ये भेसळ असेल तर गोठणबिंदू खाली जातो, आणि बेंझिनचा तर फारच, बारावीच्या सोल्यूशन्सच्या धड्यात गोठणबिंदू किती उतरतो त्याचा ५.१२ हा आकडा असतो ना बेंझिनसाठी, तो इथे कामाला येतो. ९० ग्रॅम बेंझिनमध्ये १० ग्रॅम टोल्युइन मिसळलं तर हिशेबाने गोठणबिंदू सहा-सव्वासहा अंशांनी उतरतो, म्हणजे शून्याच्याही खाली, साध्या बर्फात ते गोठणारच नाही. उलट बघितलं तर ही शुद्धतेची फुकटातली टेस्ट आहे.

थर्मामीटर आणि डिस्टिलेशनचा सेट असेल तर काम आणखी सरळ, बेंझिन ८०, टोल्युइन १११ च्या जरासं खाली, एथिलबेंझिन १३६. दर कार्बनमागे पंचवीस-तीस अंश चढतं म्हणा. झायलीनमध्ये मात्र घोळ, पॅरा १३८, मेटा १३९, ऑर्थो १४४, ऑर्थो एक वेळ वेगळं निघेल पण पॅरा आणि मेटामध्ये एका अंशाचा फरक, आपल्या लॅबच्या थर्मामीटरचा स्वतःचाच त्याहून जास्त फरक असतो.

मग झायलीनची तीन भावंडं वेगळी कशी करायची? शेपटीलाच विचारायचं, पण आता शेपट्या दोन आहेत. ऑक्सिडेशन केलं की दोन ॲसिड ग्रुप येतात, ऑर्थोपासून थॅलिक ॲसिड, मेटापासून आयसोथॅलिक, पॅरापासून टेरेथॅलिक, ज्याच्यापासून पुढे प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या होतात. थॅलिकचे दोन ग्रुप शेजारी शेजारी, म्हणून तापवलं की पाणी टाकून ॲनहायड्राइड होतं, मग त्यात रिसॉर्सिनॉल आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिडचा एखादा थेंब घालून गरम करून, गार झाल्यावर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकायचं, हिरवी चमक येते, रात्री समुद्रात लाट फुटताना कधीकधी दिसते ना तशी. हे फ्लुओरेसिन. बाकी दोघांना ही चमक येत नाही. आणि कागदावर ओळखायचं असेल तर १८७४ मध्ये विल्हेल्म कर्नरने दिलेली युक्ती, रिंगवर आणखी एक ब्रोमीन बसवला तर किती वेगवेगळे पदार्थ होऊ शकतात ते मोजा, पॅराला १, ऑर्थोला २, मेटाला ३. कागद-पेन्सिल घेऊन काढून बघा, पाच मिनिटं लागतात आणि जन्मभर विसरत नाही. एनएमआर (रेणूतले हायड्रोजन कुठे बसलेत ते रेघांनी दाखवणारं यंत्र) असलेल्या ठिकाणी असाल तर हा सगळा खटाटोप नकोच, बेंझिनची एकच रेघ ७.३६ पीपीएमला, टोल्युइनला शिवाय २.३५ च्या आसपास मेथिलची रेघ, संपलं.

रिंग सारखीच असते असं वर म्हटलं खरं, पण अगदी शंभर टक्के नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तसं आहे हे. रिंगच्या संगतीने मेथिल नरम पडून परमँगनेटला सापडतं, आणि मेथिलच्या संगतीने रिंग चपळ होते. नायट्रेशन (रिंगवर नायट्रो ग्रुप बसवणं) करताना बेंझिनला ५० ते ६० अंश लागतात, टोल्युइनचं त्याच्या पंचवीसेक पट वेगाने होतं, गारेगार ठेवूनही ऑर्थो आणि पॅरा जागा भरतात आणि पुढे रेटत गेलं तर टीएनटीपर्यंत मजल जाते. पेपरात "परस्पर प्रभाव" म्हणून विचारतात तो हाच, उत्तरात दोन्ही बाजू लिहा, एकच लिहिली तर अर्धे गुण.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या रंगवतात, आणि थिनरचा डबा उघडला की जो वास येतो त्यात बहुतेक वेळा टोल्युइन आणि झायलीन असतं. क्लासमधल्या एका मुलीने विचारलं, तिचे बाबा हे काम करतात, "सर, बेंझिनने ब्लड कॅन्सर होतो म्हणतात, तर हे पण तसंच का?" फार चांगला प्रश्न, आणि उत्तर वरच्याच टेस्टमध्ये आहे. आपलं लिव्हर टोल्युइनच्या बाबतीत तेच करतं जे परमँगनेट करतं, शेपूट पकडून बेंझोइक ॲसिड बनवतं, त्याला ग्लायसिन जोडतं आणि हिप्युरिक ॲसिड म्हणून लघवीतून बाहेर. बेंझिनला पकडायला शेपूटच नाही, म्हणून लिव्हरला रिंगच फोडायला घ्यावी लागते, आणि त्या भानगडीत जे अर्धवट पदार्थ तयार होतात ते हाडांच्या मगजात जाऊन नुकसान करतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या यादीत बेंझिन हे नक्की कॅन्सर करणारं म्हणून पहिल्या गटात आहे आणि पेट्रोलमध्येही त्याला १ टक्क्याची मर्यादा आहे. टोल्युइन, झायलीन त्या गटात नाहीत, पण म्हणून ती गुणाची पोरं नव्हेत, डोकं गरगरतं, नसांवर परिणाम होतो, बंद केबिनमध्ये रंगवायचं नाही आणि थिनरने हात धुवायचे नाहीत, हे मी तिला बाबांना सांगायला सांगितलं. आणि बेंझिनची टेस्ट घरी तर नाहीच, लॅबमध्येसुद्धा फ्यूम हुडमध्ये, ग्लोव्ह्ज घालून आणि शिक्षक समोर असतील तरच. आता बऱ्याच ठिकाणी बेंझिन पोरांच्या हातात देतच नाहीत, ते बरंच आहे.

तर आता कपाटातल्या त्या बाटल्या. ब्रोमीन वॉटर टाकलं, एका बाटलीने दोन्ही थरांतून रंग संपवला, ती स्टायरीन निघाली, बाजूला ठेवली. उरलेल्या चारांना परमँगनेट, दोघांचा रंग गेला, दोघांचा नाही. ज्यांचा गेला त्यातली एक बर्फात गोठली, पॅरा-झायलीन. दुसरी गोठली नाही आणि १११ च्या जरा आधी उकळली, टोल्युइन. ज्यांचा रंग गेला नाही त्यातली एक बर्फात दगड झाली, ते बेंझिन. शेवटची राहिली, परमँगनेटला दाद देत नाही, ब्रोमीन वॉटरला नाही, बर्फात गोठत नाही, आणि उकळतेय १६९ अंशांना. ती कोण ते मी लिहीत नाही, वर भेटलाय तो तुम्हाला, दार न उघडणारा.